रोजच्या वापराची ‘स्पोर्टी’ मोटार : कुंडलच्या गतिरोधकावरून कोणती पार होईल?

कुंडलहून चुलतभावाचा फोन आला तेव्हा गाळप हंगाम ऐन भरात होता. ‘दादा, उसाचे थोडे पैसे आहेत, थोडे माझे साठलेत, बाकीचं कर्ज काढतो. रोज पलूसला कामावर जायला गाडी पाहिजे. पण चालवताना मजा आली पाहिजे, नुसती डबडी नको. स्पोर्ट्स टाइप सांग एखादी.’ तेवढ्यात मागून काकांचा आवाज आला, ‘मिरजेला दवाखान्यात जाताना मागं आईला नीट बसता येईल का, ते आधी विचार त्याला!’

आई म्हणजे आमची आजी. गुडघ्यांनी बेजार. महिन्यातून एकदा तिची मिरजेची वारी ठरलेली.

या दोघांच्या मागण्या एकाच गाडीत बसवायच्या, तर प्रश्न वाटतो तितका हौशी राहत नाही. समाजमाध्यमांवर ‘रोज वापरता येणाऱ्या स्पोर्ट्स कार’च्या याद्या खंडीभर सापडतात. मात्र त्या बहुतेक गुळगुळीत रस्त्यांच्या देशांसाठी किंवा मोठ्या शहरांसाठी केलेल्या असतात. कुंडल, पलूस, तासगाव, विटा या पट्ट्यात गाडीची परीक्षा घेणारे तिघे वेगळेच आहेत. एक गावातला गतिरोधक, दुसरी रात्रीची उसाची ट्रॉली आणि तिसरा दरमहा जाणारा हप्ता. त्या तिघांच्या कसोटीवर ही निवड तपासून पाहू.

स्पोर्ट्स कार म्हणजे नेमके काय?

काटेकोर अर्थाने स्पोर्ट्स कार म्हणजे दोन आसनांची, बुटकी, हलकी आणि वळणावर जमिनीला चिकटून चालणारी मोटार. आपल्याकडेही असे प्रयोग झाले. गेल्या शतकाच्या अखेरीस गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ नावाची उघड्या टपाची छोटी मोटार तयार होत होती. फायबरग्लासची बॉडी आणि रेनोचे १.२ लिटरचे इंजिन. ताकद जेमतेम ६० अश्वशक्ती, पण दिसायला देखणी. पुढे दिलीप छाब्रिया यांची ‘डीसी अवंती’ २०१२ च्या दिल्लीतील ऑटो एक्स्पोत झळकली. तिचे इंजिन आसनांच्या मागे होते. दोन्ही गाड्यांना हौशी गिऱ्हाइके मिळाली, पण दोन्हींत आजीला जागा नव्हती.

आपल्याला हवा असलेला प्रकार युरोपात पन्नास वर्षांपूर्वी जन्मला. फोक्सवॅगनने १९७६ मध्ये आपल्या साध्या घरगुती गोल्फ मोटारीत ११० पीएसचे इंजिन बसवून ‘गोल्फ जीटीआय’ आणली. कंपनीचा अंदाज पाच हजार गाड्यांचा होता. प्रत्यक्षात त्या पहिल्याच पिढीच्या साडेचार लाखांहून अधिक गाड्या खपल्या. चार माणसे, मागे सामान, घरच्या मोटारीसारखा चेहरा आणि चालवताना मात्र अंगावर रोमांच. या प्रकाराला पुढे ‘हॉट हॅच’ हे नाव पडले. रोजच्या वापराची स्पोर्ट्स कार म्हणतात ती हीच.

महाराष्ट्राशी या प्रकाराचे नाते जुने आहे. चाकणला तयार झालेली पोलो जीटी, रांजणगावची अबार्थ पुंटो (२०१५ मध्ये १४५ अश्वशक्ती आणि किंमत ९.९५ लाख, तेव्हा हा धक्काच होता), छत्रपती संभाजीनगरजवळ जोडली गेलेली २०१७ ची ऑक्टाव्हिया आरएस. यातील एकही आज नवी मिळत नाही. पण ‘सेकंडहँड’च्या बाजारात आजही पोरे त्यांच्यासाठी जीव टाकतात, ते उगाच नाही.

पीएस पाहायचे की एनएम?

शोरूममध्ये पहिला आकडा सांगितला जातो तो ‘पीएस’चा, म्हणजे साधारण अश्वशक्तीचा. १५० पीएस म्हणजे साडेसात एचपीच्या वीस मोटारी. ऐकायला छान वाटते. पण शेजारच्या किर्लोस्करवाडीत शतकाहून अधिक काळ यंत्रे तयार होत आहेत, तेव्हा या भागात हे समजावून सांगायला पंपाइतके सोपे उदाहरण नाही.

पंपाची ताकद ‘हेड’ आणि ‘डिस्चार्ज’ या दोहोंच्या गुणाकारावर ठरते. तीच मोटार खोल बोअरवर लावली तर पाणी उंच चढते पण धार बारीक पडते. विहिरीवर लावली तर धार जाड. इंजिनात हेडच्या जागी टॉर्क (एनएम) आणि डिस्चार्जच्या जागी फेरे (आरपीएम) असतात. दोहोंचा गुणाकार म्हणजे पॉवर. पन्नास एचपीचा ट्रॅक्टर उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढतो आणि सव्वाशे पीएसची कार त्या जागच्या हलवू शकत नाही, त्याचे कारण हेच. ट्रॅक्टरचे गिअर सगळी ताकद कमी वेगातल्या ओढीत उतरवतात.

आता दोन खऱ्या गाड्या घेऊ. होंडा सिटीचे १.५ लिटर पेट्रोल इंजिन १२१ पीएस देते, पण त्याचा १४५ एनएमचा पूर्ण टॉर्क ४,३०० फेऱ्यांवर मिळतो. ह्युंदाई आय-२० एन लाइनचे एक लिटरचे टर्बो इंजिन १२० पीएसचे आहे, म्हणजे ताकद सारखीच. मात्र त्याचा १७२ एनएम टॉर्क १,५०० फेऱ्यांपासूनच हाताशी असतो. गावातून बाहेर पडताना, गतिरोधक ओलांडून पुन्हा वेग घेताना, कामावरून परतताना इंजिन दीड-दोन हजार फेऱ्यांतच फिरत असते. ‘मजा’ म्हणून जे जाणवते ते याच पट्ट्यात जाणवते. त्यामुळे जाहिरातीत पीएसच्या शेजारी लिहिलेला एनएमचा आकडा आणि तो किती फेऱ्यांवर मिळतो, हे दोन्ही वाचावे.

आणखी एक. वळणावरची मजा वेगातून कमी आणि गाडीच्या बांधणीतून जास्त येते. चाळीस मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ५० किमीने गेले तरी शरीरावर गुरुत्वाच्या जवळपास निम्मे बल आडवे येते. सागरेश्वरकडच्या वळणांवर स्टिअरिंग नेमके आणि सस्पेन्शन घट्ट असलेली गाडी पन्नाशीतही हसू आणते. तिथे हरणे रस्त्यावर येतात. त्यामुळे पन्नाशीच बरी.

गतिरोधकावर गाडी का घासते?

‘ग्राउंड क्लिअरन्स किती?’ हा आपल्याकडचा हमखास प्रश्न. बरोबर आहे, पण अर्धाच आहे. उरलेला अर्धा गतिरोधकाच्या आकारात दडलेला आहे.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार (आयआरसी ९९) गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असावा, त्याची त्रिज्या १७ मीटर असावी, आणि तो ताशी २५ किमीने सुखाने ओलांडता यावा. आता २.६५ मीटर व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत तेवढे अंतर असलेली मोटार त्याच्या मधोमध आली असे समजू. त्या क्षणी चारही चाके गतिरोधकाच्याच अंगावर असतात. चाकेही वर उचललेली असल्याने पोटाखाली आलेला उंचवटा चाकांच्या पातळीपेक्षा फक्त ५.२ सेंटीमीटर वर असतो. गणित सोपे आहे : चाकाचे मध्यापासूनचे अंतर १.३२५ मीटर, त्याचा वर्ग भागिले त्रिज्येची दुप्पट. म्हणजे नियमाने बांधलेल्या गतिरोधकावरून बुटकी परदेशी गाडीसुद्धा आरामात जाते.

गावात मात्र हे चित्र दिसत नाही. कुंडलला गेलो तेव्हा एका गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गतिरोधकाला सरळ पट्टी आणि टेप लावून पाहिला. उंची १३ सेंटीमीटर आणि रुंदी जेमतेम एक मीटर. टेप धरून वाकलेला मला पाहून दोघे-तिघे थांबले. ‘पाडणार आहेत काय ओ?’ असे एकाने मोठ्या आशेने विचारले.

असा अरुंद उंचवटा पोटाखाली येतो तेव्हा पुढची चाके उतरून सपाट रस्त्यावर आलेली असतात आणि मागची अजून चढलेली नसतात. त्यामुळे पूर्ण १३ सेंटीमीटर थेट पोटाला भिडतात. इथे व्हीलबेस कमी असल्याचाही उपयोग नाही. घासतो तो आधी खालचा प्लास्टिकचा पत्रा. नशीब वाईट असेल तर इंजिनाचे चेंबर, म्हणजे तेलाची टाकी. चेंबरला तडा गेला आणि तेल गळत असताना गाडी तशीच पुढे नेली, तर खर्च चेंबरपुरता राहत नाही, इंजिनावर जातो.

आकडे लावून पाहू. फोक्सवॅगन व्हर्टसचा क्लिअरन्स रिकाम्या गाडीला १७९ मिलिमीटर आहे. माणसे आणि सामान पूर्ण भरल्यावर तो १४५ वर येतो. आमच्या गल्लीतल्या उंचवट्यावर उरतात १५ मिलिमीटर, म्हणजे करंगळीची जाडी. २०२५ मध्ये भारतात आलेल्या नव्या गोल्फ जीटीआयचा क्लिअरन्स रिकामी असतानाच १३६ आहे. आजी मागे बसली की तो विषय संपला.

यात चालवणाऱ्याची एक चूक भर घालते. आपण ब्रेक दाबलेल्या अवस्थेतच गतिरोधकावर चढतो. ब्रेक दाबल्यावर गाडीचे नाक खाली जाते आणि आधीच कमी असलेली जागा आणखी कमी होते. वेग आधी पुरता कमी करावा आणि चाक चढायच्या क्षणी ब्रेक सोडलेला असावा. एवढ्या एका सवयीने पुष्कळ गाड्यांची पोटे वाचतील.

टायरचेही तसेच. टायरवर २०५/५५ आर१६ लिहिलेले असेल तर पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रुंदीच्या तुलनेत टायरच्या भिंतीचा. २०५ चे ५५ टक्के म्हणजे ११३ मिलिमीटर रबर खड्डा आणि रिम यांच्यामध्ये आहे. दिसायला भारी असणारा २२५/४० टायर घेतला तर तीच भिंत ९० मिलिमीटर भरते. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही. तेव्हा या २३ मिलिमीटरची किंमत अलॉय व्हीलच्या बिलात कळते. सोळा इंचांहून मोठ्या चाकांचा मोह या भागात तरी टाळलेला बरा.

रात्री उसाची ट्रॉली समोर आली तर?

हा मुद्दा मजेचा नाही, जिवाचा आहे. साधारण नोव्हेंबरपासून हंगाम संपेपर्यंत कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर दिवसरात्र ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग असते. कारखाने आणि पोलीस रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा घेतात. तरी चिखलाने माखलेला रिफ्लेक्टर किंवा मागे लोंबणाऱ्या उसाने झाकलेला दिवा काहीच दाखवत नाही. पंक्चर होऊन रस्त्याच्या कडेला उभी असलेली ट्रॉली तर अंधाराचाच भाग होऊन जाते.

मोटारीच्या डिपरचा, म्हणजे लो बीमचा उजेड साधारण ५० ते ६० मीटर पोहोचतो. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद जातो असे धरू. कोरड्या रस्त्यावर चांगले टायर असताना गाडी थांबायला लागणारे एकूण अंतर असे येते : ताशी ६० ला सुमारे ४५ मीटर, ७० ला ५७, ८० ला ६९ आणि १०० ला ९८ मीटर. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुभाजक नसलेल्या अशा रस्त्यांवर मोटारीला कमाल मर्यादा ताशी ७० ची आहे. उजेडाचे गणितही तिथेच येऊन थांबते. ऐंशीला जाणारा माणूस रात्री, त्याला दिसत नाही अशा जागेपर्यंत गाडी नेऊन मगच थांबणार असतो. गाडीत १५० पीएस असोत की ६०, यात फरक पडत नाही. उलट जास्त ताकदीच्या, आवाज न करणाऱ्या गाडीत ऐंशी कधी झाले हेच कळत नाही.

ओव्हरटेकचेही पाहू. ट्रॉलीचा वेग २५, आपला ६०. दोन ट्रॉल्यांसह ट्रॅक्टरची लांबी १८ मीटर धरली आणि मागे-पुढे वीस-वीस मीटर अंतर ठेवले, तर पुढे जायला सुमारे साडेसहा सेकंद लागतात. तेवढ्यात आपण शंभराहून अधिक मीटर गेलेलो असतो. समोरचाही साठने येत असेल तर तोही तेवढाच पुढे आलेला असतो. म्हणजे सव्वादोनशे मीटर रस्ता मोकळा हवा. टर्बो इंजिनाचा खरा फायदा इथे आहे. ट्रॉलीमागे पंचवीसच्या वेगात अडकलेली गाडी साठपर्यंत चटकन येते आणि उजव्या बाजूला राहण्याचा वेळ कमी होतो. पण शंभर मीटरच्या मोकळ्या रस्त्याला दोनशे मीटर करणारे इंजिन अजून कोणी बनवलेले नाही.

म्हणून माझ्या यादीत पॉवरच्या आधी ब्रेक, टायर आणि हेडलॅम्प येतात. चारही चाकांना डिस्क ब्रेक असतील तर उत्तम, सहा एअरबॅग हव्यातच आणि अपघात चाचणीत पाच तारे असावेत. व्हर्टस आणि तिची भावंड स्कोडा स्लाव्हिया यांना ग्लोबल एनकॅपने २०२३ मध्ये पाच तारे दिले. रानातून रस्त्यावर आलेल्या टायरांचा काळ्या मातीचा चिखल पहिल्या सरीत साबणासारखा होतो. अशा वेळी इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल गाडी सावरायला मदत करतो. तो नसलेले मॉडेल घेऊच नये.

मग पर्याय कोणते?

स्वप्नातल्या गाड्या आधी बाजूला काढू. गोल्फ जीटीआय (२६५ पीएस, २०२५ मध्ये ५३ लाख) आणि नवी ऑक्टाव्हिया आरएस (२६५ पीएस, ४९.९९ लाख, फक्त शंभर गाड्या) या दोन्ही आयात होऊन आल्या आणि हातोहात संपल्या. यातल्या गोल्फवर महाराष्ट्राचा १३ टक्के रस्ता कर भरायचा म्हटला तरी पावणेसात लाखांहून जास्त होतो. तेवढ्यात एक नवी छोटी मोटार येते.

जमिनीवर राहिलेले पर्याय दोन गटांत पडतात. पहिला गट चार मीटरच्या आतल्या टर्बो हॅचबॅकचा. यात आय-२० एन लाइन (साधारण ९ ते १२ लाख, शोरूम किंमत) आहे. तिचे सस्पेन्शन साध्या आय-२० पेक्षा घट्ट आहे आणि मागेही डिस्क ब्रेक आहेत. दुसरी टाटा अल्ट्रोझ रेसर. जून २०२४ मध्ये ९.४९ लाखांपासून आली. १२० पीएस, १७० एनएम, सहा गिअर, क्लिअरन्स १६५ मिलिमीटर. नवी किंवा कमी चाललेली मिळाली तरी पाहण्यासारखी. या गाडीचा एक गुण जाहिरातीत वेगाच्या मागे लपतो : अल्ट्रोझचे दरवाजे पूर्ण ९० अंशांत उघडतात. गुडघे दुखणाऱ्या, नऊवारी नेसणाऱ्या माणसाला आत बसताना आधी पाठ टेकून मग पाय वळवायला जागा लागते. ती इथे मिळते.

दुसरा गट चाकणला तयार होणाऱ्या दोन सेडानचा. व्हर्टस आणि स्लाव्हिया. दोन्हींत १.५ लिटरचे तेच इंजिन, १५० पीएस, २५० एनएम आणि तोही १,६०० फेऱ्यांपासून. भार कमी असताना चारपैकी दोन सिलिंडर आपोआप बंद होतात, त्यामुळे संथ चालवल्यास पेट्रोल वाचते. डिकी ५२१ लिटर. किंमत साधारण १७ ते १९ लाख. चालवण्याचा आनंद हाच निकष असेल तर वीस लाखांच्या आत माझे मत यांनाच. मात्र सेडानचे आसन बुटके असते. त्यातून उठताना आजीला हात द्यावा लागेल.

‘मग सरळ एसयूव्ही का नको?’ असे काका विचारतातच. उंच गाडीला गतिरोधकाचे भय नाही आणि म्हाताऱ्या माणसांना बसायलाही सोपे, हे खरे. पण उंची वाढली की वळणावर गाडी कलते आणि चुलतभावाला जी मजा हवी आहे, ती तिथेच जाते. ज्यांना त्या मजेशी देणेघेणे नाही, त्यांनी खुशाल एसयूव्ही घ्यावी.

हप्ता टनात मोजला तर?

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलल्याने या दोन गटांतली दरी रुंद झाली. चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर आता १८ टक्के कर आहे. त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के. वर राज्याचा रस्ता कर : दहा लाखांपर्यंत ११, वीस लाखांपर्यंत १२ टक्के. म्हणजे अठरा लाखांची सेडान रस्त्यावर येईपर्यंत विम्यासह एकवीसच्या घरात जाते आणि अकरा लाखांची हॅचबॅक तेराच्या आसपास.

भावाने पदरचे साडेआठ-नऊ लाख घातले असे धरू. सेडानसाठी १२ लाखांचे कर्ज लागेल. पाच वर्षे आणि ९ टक्के व्याज धरले तर हप्ता २४,९१० रुपये. वर्षाला जवळपास तीन लाख. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के मूळ उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये आहे. म्हणजे वर्षाचा हप्ता भागवायला ८४ टन ऊस. एकरी ४० टन धरला तर दोन एकरांहून जास्त. यात तोडणी-वाहतूक, खत, पाणीपट्टी काहीच वजा केलेले नाही. हॅचबॅकसाठी साडेचार लाखांचे कर्ज पुरेल. हप्ता ९,३४० रुपये, वर्षाला सुमारे ३२ टन.

हिशेब फोनवर सांगितला तेव्हा पलीकडे थोडा वेळ शांतता होती. भावाला पगार आहे, पण घरचा मोठा पैसा उसाचाच. ऊस गेल्यावर १४ दिवसांत पैसे देण्याचे बंधन कायद्यात आहे. तरी त्या शेताचे बिल एकदाच येते आणि हप्ता वर्षातून बारा वेळा जातो. आडसाली लागणीला तर दीड वर्ष थांबावे लागते. एखादा पावसाळा नदीकाठच्या उसात पाणी सोडून जातो. तेव्हा बँक काही पुढची तारीख देत नाही.

गिअरबॉक्स, वर्कशॉप आणि जुन्या गाड्या

ड्युअल क्लच ऑटोमॅटिक मोकळ्या रस्त्यावर झकास चालतो. पण कारखान्याच्या गेटजवळ ट्रॉल्यांच्या रांगेमागे अर्धा-अर्धा किलोमीटर सरपटत जायचे असेल, तर ड्राय क्लचच्या गिअरबॉक्सला ते मानवत नाही, तो तापतो. ब्रेक हलका सोडून इंचाइंचाने पुढे जाण्यापेक्षा समोर गाडीभर जागा होईपर्यंत थांबावे आणि मग एकदाच पुढे घ्यावी. मॅन्युअल घेतला तर क्लच प्लेट बदलणारा कारागीर तालुक्याच्या गावात मिळतो. माझी पसंती मॅन्युअलला.

टाटा आणि ह्युंदाईचे सर्व्हिसचे जाळे दाट आहे, फोक्सवॅगन-स्कोडाचे तुलनेने विरळ. बुकिंगआधी वर्कशॉपमध्ये जाऊन एकच गोष्ट विचारावी : पुढचा बंपर आणि हेडलॅम्प फुटला तर किती दिवसांत येईल? तारीख सांगणारे वर्कशॉप जवळ असेल तर गाडी घ्यावी.

जुनी अबार्थ किंवा पोलो जीटी स्वस्तात मिळते म्हणून हुरळून जाऊ नये. फियाटने २०१९ मध्ये भारतातील आपल्या गाड्यांचे उत्पादन थांबवले, त्यामुळे सुटे भाग शोधत फिरावे लागते. शिवाय आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. आपल्याच उसाचे, त्यामुळे तक्रार करायची तरी कोणाकडे? एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्यांचे रबरी पाइप आणि सील या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्या हिशेबाने मिश्रणाची ऊर्जा सुमारे ७ टक्क्यांनी घटते. जुनी गाडी घ्यायचीच तर मेकॅनिकला सोबत न्यावे, इंधनाचे पाइप बदलून घ्यावेत आणि गाडी खालून पाहावी. चेंबरला वेल्डिंगचा डाग दिसला तर मालकाने सांगितलेल्या बाकीच्या गोष्टीही पुन्हा तपासाव्यात.

स्प्रिंग कापून बुटकी केलेली किंवा फटाके वाजवणारा सायलेन्सर लावलेली गाडी घेऊच नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असे बदल चालत नाहीत आणि अपघात झाला तर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते.

टेस्ट ड्राइव्ह कुठे घ्यावी?

शोरूमवाले चौपदरी रस्त्यावर पाच मिनिटे फिरवून आणतात. तिथे सगळ्याच गाड्या छान वाटतात. गाडी घरी मागवावी. चार माणसे बसवून गावातला सर्वांत वाईट गतिरोधक ओलांडावा. अंधार पडल्यावर डिपरवर दोन किलोमीटर चालवून उजेड पाहावा. मागच्या सीटवर घरातील सर्वांत वयस्कर माणसाला अर्धा तास बसवावे. विक्रेता कुरकुर करील, पण अकरा लाख तुमचे जाणार आहेत.

भावाने गेल्या रविवारी तसेच केले. हॅचबॅक दारात आली. आजी आधी बसली, मग पाय आत घेतले आणि दरवाजा कोणी लावायच्या आत तिने स्वतःच ओढून घेतला. गल्लीच्या तोंडाचा १३ सेंटीमीटरचा उंचवटा आला. भावाने वेग कमी केला, ब्रेक सोडला. खालून काहीच आवाज आला नाही. सेडानची फेरी पुढच्या रविवारी आहे. बुकिंग मात्र उसाचे बिल खात्यावर जमा झाल्यावरच, असे काकांनी सांगितले आहे.